एक डोळा उन्हात, एक सावलीत

जबलपूरला पोस्टिंग आहे म्हटलं की नातेवाईक हमखास भेडाघाटबद्दल विचारतात. संगमरवरी खडक, धुवांधार, नावेतली सैर. त्यांचंही बरोबर आहे, पण फौजी माणसाला हे गाव वेगळ्या कारणाने माहीत असतं. गन कॅरेज फॅक्टरी इथे १९०४ पासून आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाला दारूगोळ्याची फॅक्टरी उभी राहिली. बनवलेला माल खरोखर चालतो का, हे तपासायची रेंजही इथलीच. भर दुपारी लांबून धडाम् आवाज आला तरी इथला चहावाला गाळणी खाली ठेवत नाही.

दारूगोळ्याच्या परीक्षेत दोन आकडे फार महत्त्वाचे: नळीतला दाब आणि बाहेर पडणाऱ्या गोळीचा वेग. वेग मोजायची खटपट जुनी आहे. १७४२ साली बेंजामिन रॉबिन्स या इंग्रजाने टांगलेल्या लोलकावर गोळी झाडायची आणि तो किती झुलला यावरून वेग काढायचा, अशी रीत पुस्तकात मांडली. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा इंजिनिअर होऊन आपल्याकडे आला आणि १७५१ मध्ये मद्रासच्या दक्षिणेला फोर्ट सेंट डेव्हिडला वारला. एकोणिसाव्या शतकात ल बूलांझे नावाच्या बेल्जियन तोफखाना अधिकाऱ्याने विजेवर चालणारं यंत्र केलं. गोळीने पहिली तार तोडली की एक लांब दांडी खाली पडू लागायची. दुसरी तार तुटली की पडत्या दांडीवर सुरीची खूण उमटायची. खुणेच्या उंचीवरून वेळ निघायची. मला या यंत्रातली सर्वात आवडती गोष्ट म्हणजे त्याची एक छोटी कळ. ती दाबली की गोळी न झाडता दोन्ही तारांचा प्रवाह एकाच क्षणी तुटायचा. म्हणजे यंत्राचा स्वतःचा उशीर किती, हे आधी यंत्रालाच विचारायचं आणि मगच गोळीबद्दल बोलायचं.

आता हे सगळं सांगायचं कारण. महिन्यापूर्वी माझ्या भाच्याचा मेसेज आला. तो टेक्सासला नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी नेमबाजी. तिकडे हौशी लोक काडतुसं घरी भरतात: वापरलेली पुंगळी साफ करायची, नवा प्रायमर, मोजून दारू, वर गोळी. (आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ नुसार हे परवान्याशिवाय करणं गुन्हा आहे, तेव्हा हे वाचून कुणी प्रयोगाला लागू नये.)

"मामा, सकाळी वेग २,७०० फूट येत होता. संध्याकाळी त्याच डब्यातल्या गोळ्या २,४८०, २,५१०, २,४९०. मध्येच एक ३,९००. दारू कमी पडली असणार. पुढच्या खेपेला दीड ग्रेन वाढवतो."

हे वाचून माझा चहा गार झाला. त्याची दारू पुस्तकातल्या कमाल मर्यादेच्या जवळ आधीच पोचली होती. वेग थोडा वाढवायला गेलं की दाब त्याहून कितीतरी झपाट्याने वाढतो, आणि क्रोनोग्राफ दाब मोजतच नाही. त्यावर आकडा सुंदर दिसत असताना बोल्ट डोळ्यापासून चार बोटांवर असतो. मी लिहिलं, "अरे, एक कणही वाढवू नकोस. क्रोनोग्राफ मांडलेला असतानाचे फोटो पाठव, आणि टार्गेटचेही. सकाळचे वेगळे, संध्याकाळचे वेगळे."

खडकवासल्याला आणि नंतरच्या कोर्सेसमध्ये बॅलिस्टिक्स शिकलो खरं, पण गणित येणं वेगळं आणि हजारो फैरींची नोंद हाताने केलेली असणं वेगळं. आमच्या सुभेदार साहेबांच्या ओळखीचे एक चाचा गोहलपुरला राहतात. वय सत्तरीच्या पुढे, सगळी नोकरी वेग मोजण्यात गेली. रविवारी खव्याची जिलेबी घेऊन त्यांच्याकडे गेलो. गोहलपुरच्या गल्लीत जिप्सी नेणं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. ती मुख्य रस्त्यावर ठेवून चालत गेलो.

चाचांनी चष्मा पुसला, फोनवरचा फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि अर्ध्या मिनिटात म्हणाले, "साब, इसकी एक आँख धूप में है, एक छाँव में."

भाच्याचा क्रोनोग्राफ साधा होता. एक फुटाच्या अंतरावर दोन प्रकाशाचे डोळे. गोळी वरून गेली की प्रकाश क्षणभर कमी होतो. पहिल्या डोळ्याने घड्याळ सुरू, दुसऱ्याने बंद. २,७०० फूट वेगाची गोळी हे अंतर एका सेकंदाच्या २,७००व्या भागात पार करते. संध्याकाळच्या फोटोत शेडच्या पत्र्याची सावली बरोबर दुसऱ्या डोळ्यावर आली होती. उजेडातल्या डोळ्याला गोळीचं टोक दिसलं तरी पुरतं. अंधारातल्याला गोळीचा बराचसा भाग वरून सरकल्यावर जाग येते. भाच्याची गोळी सव्वा इंच लांब. दुसरा डोळा इंचभर उशिरा जागा झाला, तर गोळी तेरा इंच गेलेली असते आणि यंत्र बारा इंचांचाच हिशेब करतं. २,७०० ला बाराने गुणा, तेराने भागा: २,४९२. संध्याकाळचा आकडा तंतोतंत तिथेच.

पण एका फोटोवरून निकाल द्यायचा नाही, हेही चाचांचंच. दुसरा साक्षीदार पाहिजे. तो टार्गेटवर होता. रायफल १०० यार्डांवर जुळवलेली आणि फायर ३०० यार्डांवर. वेग खरंच दोनशे फुटांनी उतरला असता, तर संध्याकाळच्या गोळ्या तीनेक इंच खाली लागल्या असत्या. सकाळचा आणि संध्याकाळचा घोळका एकाच उंचीवर होता. गोळ्या तशाच होत्या, दमला होता तो क्रोनोग्राफ.

मग चाचांनी बाकीचे नेहमीचे गुन्हेगार बोटांवर मोजले. यंत्र नळीच्या फार जवळ असलं तर धक्का आणि अर्धवट जळालेले दारूचे कण डोळ्यांना फसवतात. ते ३,९०० बहुधा त्यातलंच. दहा-पंधरा फूट लांब ठेवा. ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडीखाली मोजू नका, आपली वीज सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. यंत्र तिरकं नको. बॅटरी नवी घाला. दोन्ही डोळ्यांवर सारखी पांढरी छत्री धरा. आणि सुरुवातीला व शेवटी फॅक्टरीची, वेग माहीत असलेली गोळी झाडून बघा.

"आणि ते ३,९०० खोडून टाकायचं का?" मी मुद्दाम विचारलं.

चाचा जरा रागावलेच. नोंदवहीत फैर लिहायची, शेजारी शेरा लिहायचा, पण खोडायचं नाही. त्यांच्या वेळी एका फैरीवर दोन वेगळी यंत्रं लावत. दोघांचं जमलं नाही तर वेगाच्या रकान्यात कुणाचाच आकडा जात नसे. न आवडलेला आकडा खोडायची सवय लागली की माणूस आवडलेला आकडा तपासायचंही सोडतो, असं त्यांचं म्हणणं.

हे मी घरी येऊन बराच वेळ घोळवत बसलो. 'नाचता येईना अंगण वाकडं' असं आपण आळशाला हिणवतो. पण मोजणाऱ्याने अंगण वाकडं आहे का हे रोज, नाचायच्या आधी बघायला हवं. पाय घसरल्यावर नाही. भाच्याने सकाळी २,७०० आला तेव्हा यंत्र तपासलं नव्हतं, कारण आकडा मनासारखा होता. आमच्या धंद्यात याची किंमत मोठी आहे. लांब पल्ल्याच्या तोफेत सेकंदाला एका मीटरचा फरकही गोळा कित्येक मीटर पुढे-मागे टाकतो, आणि पुढे आपलीच माणसं असतात. चौकीवरचा जवान मॅगझिन भरताना वेग मोजत बसत नाही. ते काम कुणीतरी आधीच प्रामाणिकपणे केलंय, असं तो गृहीत धरतो.

भाच्याने पुढच्या शनिवारी यंत्र उघड्यावर, पंधरा फुटांवर मांडलं. आधी फॅक्टरीच्या तीन गोळ्या, मग स्वतःच्या दहा, शेवटी पुन्हा फॅक्टरीच्या तीन. त्याच्या दहाही २,७०० च्या आसपास आल्या. दारूचा एक कणही वाढवावा लागला नाही. त्याने वहीचा फोटो पाठवलाय. जुने २,४८० आणि ३,९०० तिथेच आहेत, शेजारी लिहिलंय "सावली" आणि "यंत्र फार जवळ". फोटो चाचांना दाखवायला परवा परत गोहलपुरला जाणार आहे.