रविवारी साडेदहाचं जेवण



मागच्या महिन्यात मंदिरात स्वाध्याय झाल्यावर एका ताईंनी विचारलं, "घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर जेवायला जायचं तर कुठं जायचं गं? मुलं म्हणतात रात्री जाऊ. सासूबाई दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नाहीत." प्रश्न त्यांचा होता, पण मला वाटलं त्या आमच्याच घराचं सांगताहेत. म्हणून आज त्याबद्दल लिहिते.

आम्ही घरात पाच जण. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. मामंजी गेल्यावर गावाकडचं हातकणंगल्याचं घर बंद करून त्या आमच्याकडं मुलुंडला आल्या. सूर्यास्तानंतर अन्नपाणी नाही, हा त्यांचा नियम लग्नाच्या आधीपासूनचा. मुंबईत डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या सुमारास. आमचे हे साडेआठला घरी येतात, मुलगी नऊनंतर, मुलगा क्लासवरून त्याहून उशिरा. त्यामुळं आई संध्याकाळी लवकर एकट्या जेवतात, मी त्यांना वाढते आणि मग एकेकाची वाट बघते. सकाळी तर प्रत्येकाचा डबा वेगळा आणि लोकल वेगळी.

एकदा मुलगी सहज बोलून गेली, "आई, मी आजीला जेवताना कधी बघतच नाही गं." ते माझ्या मनातून जाईना. आपण रात्रीभोजन का करत नाही, कंदमूळ का खात नाही, हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. आजीच्या शेजारी पाटावर बसून ती काय घेते, काय बाजूला ठेवते, पहिला घास घेण्याआधी काय म्हणते, हे बघत बघत ते अंगात मुरलं. माझ्या मुलांना ते बघायलाच मिळत नसेल, तर उद्या त्यांच्यासाठी हे नियम म्हणजे मेन्यूकार्डावरचा 'जैन' एवढा एक शब्द उरेल. पाचही जण उजेडी मोकळे असतील अशी वेळ मी शोधली. आठवड्यात एकच सापडली, रविवारी साडेदहा-अकराची.

या वेळच्या खाण्याला शहरात ब्रंच म्हणतात. न्याहारी आणि जेवण एकत्र. गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकानं 1895 मध्ये या शब्दाची भलामण करणारा लेख लिहिला होता. शनिवारी रात्री जागणाऱ्यांना रविवारी उशिरा उठता यावं, असा त्याचा एक मुद्दा होता. आमचं नेमकं उलट. आम्ही पाचला उठतो, अभिषेक-पूजा करतो, आणि साडेदहाला पोटात कावळे ओरडतात. आपल्याला ही वेळ काही नवी नाही. गावात महाराजांचा चातुर्मास असला की चौका लागायचा. पडगाहन व्हायचं, महाराजांचा आहार निरंतराय पार पडला की मगच घरची माणसं ताटावर बसायची, तेव्हा अकरा वाजलेले असायचे. आई हे ऐकून म्हणाल्या, "म्हणजे आम्ही जन्मभर तुमचं ते ब्रंचच केलं म्हणायचं!"

तुम्ही म्हणाल, मग घरीच का नाही? घरीही करतो. पण घरी केलं की मी गॅसपाशी. चार जण गरम खातात आणि मी शेवटी बसते. महिन्यातून एकदा पाचही जणांनी एकाच वेळी बसावं, एवढंच मला हवं होतं.

पहिल्यांदा एका मोठ्या हॉटेलात बुफेला गेलो. फोनवर त्यांनी "सगळं जैन मिळेल" असं सांगितलं होतं. तिथं एकाच तव्यावर आधी ऑम्लेट आणि मग बिनअंड्याचे पॅनकेक चालले होते. विचारल्यावर तो मुलगा म्हणाला, "मॅडम, पुसून घेतो ना." सॅलडवर मेयॉनीज, पुडिंगमध्ये जिलेटिन आहे की नाही कुणाला माहीत नव्हतं. आई केळं आणि पपई खाऊन उठल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. शिवाय बुफेत पैसे वसूल करायचे म्हणून माणूस भुकेपेक्षा जास्त घेतो. दोन घास कमी खाणं हे आपल्याकडं तप मानलंय, ऊनोदर. तिथं त्याच्या उलटच सगळं.

मग आम्ही माटुंग्याची वाट धरली. स्टेशनच्या पूर्वेला 'राम आश्रय' 1939 पासून आहे, किंग्ज सर्कलजवळचं 'कॅफे मद्रास' 1940 पासून. दोन्हीकडं स्वयंपाकघर पूर्ण शाकाहारी, त्यामुळं तव्याची काळजी मिटते. रविवारी रांग असते, आणि मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असला तर घरातून लवकर निघावं लागतं. ताडदेवचं 1963 पासूनचं 'स्वाती स्नॅक्स' हे दुसरं ठिकाण. तिथली पानकी, म्हणजे केळीच्या पानात भाजलेलं तांदळाच्या पिठाचं पातळ धिरडं, आमच्या मुलांना फार आवडते.

तरी पाटीवर 'शुद्ध शाकाहारी' लिहिलंय म्हणून आपलं काम संपत नाही. मी बसल्याबरोबर काही गोष्टी विचारून घेते. सांबाराचं पातेलं एकच असतं आणि त्यात कांदा, गाजर, कधी बटाटा पडलेला असतो, म्हणून जैन सांबार वेगळं शिजवलंय का? 'जैन' म्हटलं की कांदा-लसूण-बटाटा वगळतात, पण आलं राहून जातं. उपम्यात, चटणीत, पानकीच्या वाटणात ते असू शकतं. नारळाच्या चटणीत डाळं असतं, त्यातच कच्चं दही घातलं तर द्विदल होतं. दहीवड्याचंही तेच. पावभाजी मागवली तर बटाट्याऐवजी कच्चं केळं घालतात का? पाव-केक असेल तर अंडं नाही ना? आणि हे सगळं गोड शब्दांत विचारायचं. "अण्णा, आमच्या आजींचा नियम आहे" असं म्हटलं की वाढणारा माणूस स्वतः आत जाऊन विचारून येतो. नियमाची थट्टा करणारा मला अजून भेटला नाही. घाईत "हो हो, जैन आहे" म्हणणारे मात्र बरेच भेटलेत. अशा वेळी तो पदार्थ सोडून द्यायचा.

आई रात्रभर आंबवलेलं पीठ खात नाहीत, त्यामुळं इडली-डोसा त्यांना चालत नाही. त्यांच्यासाठी मी आधी शिरा बघते. 'राम आश्रय'मधला अननसाचा शिरा त्यांना पसंत पडला. कुठं नीर डोसा मिळाला तर तोही चालतो, कारण ते पीठ आंबवत नाहीत. पाणी गाळून, उकळून घरूनच नेतो. रविवारी अष्टमी किंवा चतुर्दशी आली तर जातच नाही, आणि दशलक्षण पर्वात तर प्रश्नच नाही.

मागच्या वेळी मुलीनं स्वतःसाठी मसाला डोसा सांगितला होता. आजी शेजारीच बसल्या होत्या. ताट यायच्या आत त्यांनी डोळे मिटून णमोकार म्हटला, मग पेल्यात घरचं पाणी ओतलं. मुलगी बघत होती. तिनं विचारलं, "आजी, बटाट्यात असं काय असतं गं?" आई म्हणाल्या, "एका शरीरात अनंत जीव. जमिनीतून उपटलं की रोपही जातं आणि तेही. तुझं तू ठरव बाळा, मी सांगितलं म्हणून सोडू नको." मुलीनं वाढणाऱ्या अण्णांना हाक मारली आणि डोसा साधाच आणायला सांगितला. पुढच्या वेळी ती काय मागवेल मला ठाऊक नाही. मी विचारणारही नाही. पण तिनं विचारलं आणि आजीनं उत्तर दिलं. रोज रात्री नऊनंतर जेवणाऱ्या मुलीला ते कुठून मिळालं असतं?

तेव्हा त्या ताईंना माझं सांगणं एवढंच. चांगली जागा शोधताना आधी घड्याळ बघा, मग पत्ता. साडेदहाला उघडं असलेलं, मागवून खाता येईल असं, पूर्ण शाकाहारी, आणि विचारलेलं न रागावता सांगणारं ठिकाण तुमच्या घराजवळच्या उडपी हॉटेलातसुद्धा मिळेल. मोठं नाव लागत नाही. आजीची खुर्ची नातवंडांच्या मधोमध ठेवा आणि मोबाईल पर्समध्ये टाका.

तुमच्या भागात असं एखादं ठिकाण असेल तर मला जरूर कळवा. पुढच्या महिन्यात आईंना ठाण्याला न्यायचा विचार आहे.

जय जिनेंद्र.