करंजाचे तेल आणि नववीचा अर्ज

यंदा नववीच्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या आवारातील करंजाच्या शेंगा वेचून १२ किलो बिया सोलल्या आणि आमच्याकडे अर्ज केला : स्नेहसंमेलनाचा जनरेटर करंजाच्या बायोडिझेलवर चालवण्याची परवानगी मिळावी.

आम्ही ती दिली नाही. अडचण मिथेनॉलची. १०० किलो तेलाला हिशेबाने ११ किलो मिथेनॉल लागते, प्रत्यक्षात दुप्पट घालतात आणि मिश्रण ६० अंशांपर्यंत तापवतात. ते पोटात गेले तर दृष्टी जाते, प्राणही जातो. मुले हिरमुसली. एकाने विचारलेच, "सर, मग विज्ञान पुस्तकातच करायचे का?"

प्रश्न रास्त होता. तेव्हा मिथेनॉलशिवाय जेवढे पाहता येईल तेवढे पाहायचे ठरले. घाणीवर काढलेले करंजाचे तेल, मोहाचे जुने तेल (इकडे मोहाच्या बीला गुल्ली म्हणतात) आणि घरचे सोयाबीनचे. तिन्हींत कॉस्टिक सोड्याचे पातळ द्रावण थेंबाथेंबाने घालून आम्लता मोजली. सोयाबीन चटकन गुलाबी झाले, करंजाने वेळ घेतला, मोहाने तर अर्धी ब्युरेट रिकामी केली. मग मोहाच्या तेलात सोड्याचे तीव्र द्रावण घालून ढवळले, तर फेस आला. साबण!

सगळी गोम इथेच आहे. तेलातील स्निग्धाम्ले ग्लिसरीनला बांधलेली असतात. मिथेनॉल ती आपल्याकडे ओढते, त्याचे इंधन होते, ग्लिसरीन तळाशी बसते. सोडा हा त्यातला उत्प्रेरक. (आम्ही हिंदी माध्यमात शिकलो, हा शब्द दोन्हीकडे एकच, तेवढीच सोय.) पण तेलात सुटी आम्ले असली की सोडा त्यांचाच साबण करतो आणि स्वतः संपतो. ग्लिसरीन नीट वेगळे होत नाही, इंधन पुन्हापुन्हा धुवावे लागते. म्हणजे जे तेल स्वस्त, नेमके तिथेच सोडा हात टेकतो.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डी. श्रीनिवास आणि पॉल रत्नसामी यांच्या गटाने २००६ च्या सुमारास लोह-जस्त सायनाइडचा घन उत्प्रेरक मांडला. तो सुट्या आम्लांचेही इंधन करतो, साबण होऊ देत नाही. गाळून काढावा, पुन्हा वापरावा. सायनाइड ऐकून मुले दचकली, पण इथे ते धातूंशी घट्ट बांधलेले असते, प्रशियन ब्लू रंगासारखे. त्याला १७० अंशांच्या आसपास उष्णता मात्र लागते. अंड्याच्या टरफलांचा भाजलेला चुनाही चालतो, पण त्यातले कॅल्शियम थोडेथोडे इंधनात उतरते आणि आंबट तेल त्यालाही सोसत नाही.

उत्प्रेरक सापडला, बी कुठे आहे? रतनजोतीचा (मराठीत मोगली एरंड) केवढा गाजावाजा झाला! २००९ च्या राष्ट्रीय धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य होते, ते गाठले गेले नाही. २०१८ च्या धोरणात बायोडिझेलसाठी २०३० पर्यंत ५ टक्के ठेवले. आणि पुस्तके मोहाचे तेल 'अखाद्य' म्हणतात, पण मध्य भारतातील कित्येक आदिवासी घरांत त्याच तेलात स्वयंपाक होतो. अखाद्य कोणासाठी?

१२ किलो बियांतून पावणेतीन किलो तेल निघाले. जनरेटर ताशी अडीच लिटर डिझेल पितो, हे मुलांनीच शिपाईमामांना विचारून घेतले. आता त्यांचा डोळा तळणीच्या तेलावर आहे. पालकांनी दिवाळीनंतर उरलेले तेल लहान बाटलीत भरून, किती वेळा तापवले ते चिठ्ठीवर लिहून पाठवावे.