ब्रॅम्बलचा बोया

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, साउदॅम्प्टन आणि आयल ऑफ वाइट यांच्यामध्ये सोलंट ही सामुद्रधुनी आहे. तिच्या मधोमध ब्रॅम्बल बँक हा वाळूचा दांडा पाण्याखाली दडलेला असतो. वर्षातून एकदा, मोठ्या ओहोटीला तो उघडा पडला की दोन यॉट क्लब तिथे घटकाभर क्रिकेट खेळतात. २००८ साली ‘क्यूई २’ हे अवाढव्य जहाज साउदॅम्प्टनच्या अखेरच्या फेरीत याच दांड्यावर रुतलं होतं.

मागच्या ऑक्टोबरात आमचीही पाळी आली होती.

काउजहून हॅम्बलला परतत होतो. संध्याकाळ, विरळ धुकं, सुकाणू माझ्या हाती. दिशा धरायची होती ३३५ अंश. होकायंत्राच्या तबकडीवर शेवटचं शून्य गाळतात. ३३० च्या जागी नुसतं ३३, आणि पुढे दर पाच अंशांना एक बारीक रेघ. त्यात माझा नवा प्रोग्रेसिव्ह चष्मा! मान वर-खाली करत रेघा मोजेपर्यंत होडी भलतीकडे वळायची.

“अहो, तो पिवळा-काळा बोया उजवीकडे हवा ना?” सौ.ने पुढून विचारलं.

तो डावीकडे होता. पाण्याची खोली अडीच मीटरवर आली होती. होडी कशीबशी वळवली. त्या रात्री ठरवलं, साठी उलटली, आता सुकाणू सोडावं.

क्लबमधल्या एका म्हाताऱ्या खलाशाला हे सांगितलं, तर तो म्हणाला, “चालवताना आकडे वाचतोसच कशाला?” साउदॅम्प्टन ही स्पिटफायर विमानाची जन्मभूमी. त्या विमानात पी-८ नावाचं होकायंत्र असे. त्याच्या काचेवर दोन समांतर रेषा, भोवती अंशांचं फिरतं कडं. निघण्यापूर्वी कड्यावर दिशा लावून ते घट्ट करायचं. मग फक्त खालची सुई त्या दोन रेषांना समांतर ठेवायची. सुई तिरकी दिसली की होडी भरकटली, एवढंच. सुईचं उत्तर टोक कड्यावरच्या उत्तरेच्या खुणेकडे आहे ना, हे मात्र आधी पाहायचं. नाहीतर रेषा जुळूनही होडी बरोबर उलट्या दिशेला जायची.

जुन्या यंत्रांत अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असे, म्हणून मी त्याच धर्तीचं नवं घेतलं. बसवल्यावर ओळखीच्या खुणांवरून तपासलं, मोबाइल आणि चाव्या दूर ठेवायची शिस्त लावली.

मे महिन्यात पुन्हा काउजहून निघालो. निघतानाच, चष्मा नीट लावून, ३३५ वर कडं घट्ट केलं. नंतर खाली ओझरती नजर टाकली तरी पुरत होती. बाकी सारा वेळ मी पाणी, शिडं, येणारी जहाजं बघत होतो. बोया उजवीकडून गेला.

सौ. उठून मागे आली. “सोपं दिसतंय. द्या इकडे,” म्हणाली.

सुकाणू सोडायचंच होतं, तर असं सोडलं.