वडप्याची आगोट

मुंबईहून नाशिककडे मोटारीने जाणाऱ्या हजारो लोकांनी वडप्याचे नाव वाचलेले असते. वडपे मात्र त्यांतल्या फारच थोड्यांनी पाहिलेले असते. सरकारी कागदपत्रांत हे गाव म्हणजे रस्त्याचे एक टोक आहे. मुंबई-आग्रा महामार्ग इथून पुढे चौपदरी करावयाचे ठरले, तेव्हा त्या शंभरेक किलोमीटरच्या कामाला नाव पडले ‘वडपे ते गोंदे’. पुढे ठाण्याकडचा भाग आठपदरी करावयाचे निघाले, त्याचे नाव ‘माजिवडे ते वडपे’. एका कामाचा आरंभ, दुसऱ्याचा शेवट. नागपूरहून येणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पुरा खुला झाला, तोही जवळच, याच भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावी येऊन थांबला. इतके रस्ते ज्याच्या आसपास सुरू होतात आणि संपतात, त्या गावात कुणी राहत असेल, कुणाच्या घरी वालाची डाळिंबी शिजत असेल, हे जाणाऱ्या-येणाऱ्याच्या मनात येत नाही. त्याचा तरी काय दोष? दोन्ही अंगांना गोदामांच्या पत्र्यांच्या भिंती, त्यांच्यापुढे मालमोटारींच्या रांगा, आणि त्या रांगांच्या फटीतून कुठेतरी एक नारळाचे झाड, एवढेच काय ते गाव म्हणून दिसते.

पण त्या नारळाच्या झाडाखाली माझ्या मावशीचे घर आहे. ती इथे १९७६ साली सून म्हणून आली. मी कल्याणला एका कॉलेजात मराठी शिकवतो. मावशीला त्यातले ‘शिकवतो’ एवढेच महत्त्वाचे वाटते, म्हणून चाळिशी ओलांडल्यावरही ती मला ‘मास्तर’ म्हणते. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पोरे इथे येत असू, आणि सुट्टी म्हणजे फक्त खेळ हा शहरी समज इथे पहिल्या दिवशीच गळून पडत असे. कारण मे महिना म्हणजे या घरातला सर्वांत कामाचा महिना. आगोटीचा महिना.

‘आगोट’ हा शब्द आता शहरात फारसा कानांवर येत नाही. आगोट म्हणजे पावसाळ्याचे तोंड, आणि त्या तोंडाशी घरात करून ठेवायची बेगमीही. ठाणे जिल्ह्यात वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. ओढे भरले की बाजारची वाट बंद, सरपण ओले की चूल बंद. तेव्हा चार महिने घराने स्वतःच्या पोटावर जगायचे असा जुना हिशेब. तो हिशेब कुठल्या वहीत नव्हता. तो मावशीच्या सासूच्या डोक्यात होता, आणि तिच्याकडून तो मावशीकडे आला.

चैत्रात मिरच्या वाळत पडायच्या. ओटीवर पाय ठेवला की शिंक ठरलेली. मग डंकावर मसाला कुटून आणायचा आणि बरणीच्या तोंडाला फडके बांधून ती माळ्यावर चढवायची. चिंच निवडून, तिला मीठ लावून, तिचे मुठीएवढे गोळे करायचे. कडव्या वालांना राख चोळून मडक्यात भरायचे. कांद्यांच्या माळा आढ्याला टांगायच्या. कैऱ्यांचे लोणचे, तांदळाचे पापड, कुरडया, हे तर शहरातल्या घरांनाही ठाऊक आहे. पण या घरात आगोटीचा खरा मान सुक्या मासळीचा. सुके बोंबील, जवळा, करंदी, वाकट्या. भिवंडीच्या बाजारातून टोपल्या यायच्या, अंगणात तट्ट्यांवर पुन्हा एकदा कडक ऊन खायच्या, आणि त्यांची राखण करायला आम्हा पोरांपैकी एकाची नेमणूक व्हायची. कावळा आणि मांजर हे शत्रू. पगार म्हणून भाजलेला एक बोंबील. मी आयुष्यात पुष्कळ नोकऱ्यांचे अर्ज केले, पण इतकी समाधानाची नोकरी पुन्हा मिळाली नाही.

त्याच दिवसांत पुरुषमाणसे छपरावर असत. कौले चाळायची म्हणजे सगळे छप्पर उतरवायचे, फुटके निवडायचे, पुन्हा रचायचे. पडवीत लाकडे आणि गोवऱ्या रचायच्या. शेतात राब भाजून झालेला असे. ज्या तुकड्यात रोप करायचे त्यावर शेण, पालापाचोळा, झाडांच्या वाळल्या फांद्या आणि वरून मातीचा थर देऊन ते सगळे पेटवायचे, की जमीन भाजून निघते, तणाचे बी मरते आणि राखेचे खत होते. फाल्गुन-चैत्रात संध्याकाळी रस्त्यावरून पाहिले तर ठिकठिकाणी हे धूर दिसत. आताही दिसतात, पण बोटांवर मोजण्याइतके.

मावशीच्या घराच्या पुढल्या भागावर आता स्लॅब आहे. कौले फक्त मागच्या स्वयंपाकघरावर उरली आहेत, तीही तिच्या हट्टामुळे. स्लॅब चाळावा लागत नाही हे खरे, पण वैशाखात त्याखाली झोपवतही नाही. गॅस आला तशा गोवऱ्या गेल्या. बाजार दाराशी आला. गोदामांतून तर सबंध मुंबईचा बाजार बाहेर पडतो. पावसाळ्यात वाट बंद होण्याचा प्रश्नच नाही. मग आगोट कशासाठी? धाकट्या सुनेने हे एकदा सरळच विचारले होते. मावशी म्हणाली, “अगं, दुकान हाय म्हणून काय घर नको व्हय?” याला काय उत्तर देणार! सून हसली आणि मिरच्या निवडायला बसली.

२०२५ साली मात्र पावसाने या सगळ्या हिशेबाची थट्टा केली. २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. इतक्या लवकर आल्याची नोंदच नव्हती. मृग लागायला अजून बारा दिवस होते. सुट्टी म्हणून मी त्या आठवड्यात वडप्यालाच होतो. अंगणात मासळी पसरलेली, मागची कौले अर्धी उतरवलेली, आणि आभाळ एकदम खाली आले. सगळे घर धावले. थोरला मुलगा छपरावर मेणकापड धरून बसला, दोन्ही सुनांनी तट्टे आत ओढले, मी कांद्यांच्या माळा गळ्यात घालून धावलो आणि मावशीने तशातही मला पाहून म्हटले, “मास्तर, नवरदेव दिसतोस.” माझ्या शहरी मनाला वाटले की ही मोठी आपत्ती. मी म्हणालो, “मावशी, पंधरा दिवस आधी आला गं हा!” तर ती म्हणाली, “त्याच्या घरी कालनिर्णय नसतं लावलेलं.” अर्धी मासळी वाया गेली. राबाची जमीन भिजून चिखल झाली, तेव्हा धूळपेरणी राहिली. उघडीप पाहून मग पेरावे लागले. ती चार-पाच रात्री आढ्याकडे पाहत जागी होती, हे मला सुनेकडून कळले.

पहिल्या पावसाबरोबर घरातले जेवण बदलते, आणि याबाबतीत वडप्याचे घर अजून जुन्या वळणाचे आहे. कातकरी-ठाकूर बायका नाक्यावर शेवळे घेऊन बसतात. जांभळट कणसासारखी ही रानभाजी नुसती शिजवली तर घशाला खाज सुटते. तिच्यात काकडाची आंबट फळे घालावी लागतात, आणि निसर्गाची व्यवस्था अशी की दोन्ही एकाच सुमाराला येतात. मग टाकळा, फोडशी, कंटोली, भारंगी, बांबूचे कोवळे कोंब, ज्यांना इकडे वास्ते म्हणतात. ओढ्याला पहिला लोंढा आला की मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात; ती वलगण. तिच्या बातमीने गावातली सगळी तरुण मंडळी रात्री बत्त्या घेऊन बाहेर पडत. शेताच्या बांधांत मुठे, म्हणजे छोटे खेकडे; पाट्यावर वाटून त्यांचा जो रस्सा होतो तो खाल्ल्यावर माणूस थोडा वेळ बोलत नाही. ओढे आता गोदामांच्या भरावात आक्रसले आहेत, वलगण नावापुरती उरली आहे. मुठे अजून मिळतात, कारण बांध अजून आहेत. जिथे आहेत तिथे.

लावणीचे आठ-दहा दिवस मात्र घराचे घरपण अंगणात येते. रोप वीस-पंचवीस दिवसांचे झाले की ते उपटून, मुठी बांधून, चिखलणी केलेल्या शेतात लावायचे. पूर्वी डोक्यावर पळसाच्या पानांचे इरले असे. पाठमोऱ्या वाकलेल्या बायका दुरून पाहिल्या तर कासवांची रांग वाटे. इरल्याची जागा प्लॅस्टिकने घेतली आणि बैलांची जागा छोट्या यंत्राने. यंत्राबद्दल मला तक्रार नाही. बैलामागे दिवसभर चिखल तुडवलेल्या माझ्या काकांच्या पायांची बोटे मी पाहिली आहेत. खरी अडचण माणसांची. ज्या बायका एकमेकींच्या शेतात उसन्या कामाला जात, त्यांच्या सुना गोदामात खोकी बांधायला जातात. तिथे पाठ ओली होत नाही आणि पैसे महिन्याच्या महिन्याला मिळतात. तेव्हा लावणीला शहापूर-मुरबाडकडची माणसे शोधावी लागतात. मावशी सत्तरीच्या घरात आहे, पण पहिली मूठ तीच लावते. मग बांधावर बसून सगळ्यांच्या रांगा वाकड्या कशा आहेत ते सांगते.

श्रावण, गणपती, गौरी यांबद्दल मी लिहीत बसत नाही. तुमच्या घरी आहेत तसेच इथेही आहेत, फक्त मुंबईहून आलेल्या पाहुण्यांमुळे भांडी जास्त. दसऱ्याच्या सुमाराला हळवे भात कापणीला येते, गरवे दिवाळीनंतर. म्हणजे शहरात आपण फराळ करीत असतो तेव्हा इथे निम्मे घर शेतात असते. पाडव्याच्या पहाटे गवताचा जाळ करून त्यावरून गुरे उडवण्याची चाल या जिल्ह्यातल्या खेड्यांतून होती. मावशीच्या गोठ्यात आता गुरे नाहीत, तिथे थोरल्याचा टेम्पो उभा असतो. पाडव्याला ती टेम्पोला ओवाळते. त्याला जाळावरून उडवायचे तेवढे राहिले आहे.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती. या घराची चार एकरांची जमीन होती. वाटण्या झाल्या, रस्त्यात थोडी गेली, काही विकली. उरले आहेत पंचवीस गुंठे. भिवंडीच्या आसपास गोदामे उगवली त्याचे कारण मुंबईची जकात. शहराच्या नाक्याबाहेर, गावपंचायतींच्या हद्दीत माल ठेवला की तो लागेल तसा आत नेता येई. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली. गोदामे मात्र गेली नाहीत, उलट वाढली, कारण तोवर रस्ते आले होते. त्या पंचवीस गुंठ्यांवर मालमोटारी उभ्या करायला जागा हवी म्हणून एक एजंट दोन वर्षे खेपा घालतो आहे. भराव तो टाकणार, कुंपण तो घालणार. घरच्यांनी फक्त दर महिन्याला भाडे घ्यायचे.

धाकटा मुलगा म्हणतो, देऊन टाकू. त्याचे म्हणणे मी शांतपणे ऐकले आहे आणि ते उडवून लावण्यासारखे नाही. पंचवीस गुंठ्यांत पाऊस नीट लागला तर सहा-सात क्विंटल भात होते. भरडून चार क्विंटलांच्या आसपास तांदूळ. नांगरट, मजुरी, खत धरले तर बाजारचा तांदूळ त्याहून स्वस्त पडतो. त्याला दोन मुली आहेत, थोरली बारावीला आहे. तो स्वतः गोदामात सुपरवायझर आहे, रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी रोपाला पाणी आहे का ते पाहायला जातो. “भाडं बारा महिने सारखं येतं, दादा,” तो मला म्हणाला. “त्याला ना मृग लागतो, ना अवकाळी.”

नेमके हेच मावशीला पसंत नाही. तिने माझ्यासमोर त्याला जे सांगितले त्यात जमिनीच्या मायेचा एक शब्द नव्हता. ती म्हणाली, चार क्विंटल तांदूळ म्हणजे सात माणसांचे आठ महिने. आठ महिने या घरात कुणाची नोकरी गेली तरी ताट वाढता येते. २०२० साली टाळेबंदीत गोदाम बंद होते, पगार अर्धा होता, तेव्हा कणगी भरलेली होती की नव्हती? धाकटा म्हणाला, “होती.” मग थोडा वेळ कुणीच बोलले नाही. मग तो म्हणाला, “पण आई, तुझ्यामागं हे करायचं कुणी?” तिच्याकडे याचे उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर माझ्याकडेही नाही. थोरली सून कणीक मळता मळता म्हणाली, “मसाला तर मी करतेच की दरसाल.” हे उत्तर होते की नुसते बोलणे, हे मला कळले नाही, मावशीने मात्र मान वर करून तिच्याकडे पाहिले.

यंदाही पंचवीस गुंठ्यांत भात उभे आहे. मी परवा गेलो तेव्हा कणसे भरून वाकली होती आणि बांधापलीकडे गोदामाचे दिवे दिवसाही जळत होते. धाकट्याने एजंटाला दिवाळी झाल्यावर ये म्हणून सांगितले आहे. मावशीने जुनी कणगी माळ्यावरून खाली काढली, एका बाजूने तट्टा उसवला होता तो थोरल्या सुनेकडून शिवून घेतला, आणि आतून-बाहेरून शेणाने सारवून ती अंगणात उन्हाला ठेवली आहे.