उघड्या वहीचा संगणक

कष्टकऱ्याच्या घरात पैसा येतो हळूहळू आणि जातो झटकन. पूर्वी तो पत्र्याच्या पेटीत, नाहीतर तांदळाच्या डब्यात ठेवला जाई. त्यावर डोळा ठेवता येत असे. आज पगार, पेन्शन, मुलांची शिष्यवृत्ती, बचत गटाची रक्कम हे सारे बँकेच्या खात्यात असते आणि त्या खात्याचे दार घरातल्या मोबाइलवर किंवा संगणकावर उघडते. त्या दाराचे कुलूप कसले आहे, हा प्रश्न आता फक्त साहेब लोकांचा राहिलेला नाही. तो तुमच्या-आमच्या घराचा झाला आहे.

आम्ही कारकून माणूस. बी.कॉम. झाल्यापासून रोजकीर्द आणि खतावणी यांच्याशीच आमचा संबंध. संध्याकाळी वस्तीतल्या लोकांचे अर्ज भरून देतो. त्यानिमित्ताने अनेक घरांतले संगणक पाहायला मिळाले. मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून बहुतेकांनी जुना, दुसऱ्याने वापरलेला संगणक घेतलेला असतो. विकणारा त्यात विंडोज घालून देतो. ती पुष्कळदा परवान्याची नसते, कुलूप तोडून चालवलेली असते. कुलूप तोडणाऱ्या प्रोग्रॅमने आपल्याबरोबर आणखी कोणाला आत घेतले, हे ना विकणाऱ्याला ठाऊक, ना घेणाऱ्याला. त्याच संगणकावर मुलगा खेळ उतरवून घेतो, मुलगी शाळेचा प्रकल्प छापते आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आईवडील बँकेचा पासवर्ड टाकतात.

येथे थोडे समजून घेऊ. संगणकाचा सारा कारभार पाहणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आपण कळफलकावर दाबलेले प्रत्येक अक्षर तिच्या हातून पुढे जाते. तिच्यातच चोर बसला, तर बँकेने आपल्या बाजूला कितीही पहारे ठेवले तरी उपयोग काय? २००७ साली उघडकीस आलेला ‘झ्यूस’ हा चोरटा प्रोग्रॅम असाच होता. विंडोजच्या संगणकात शिरून तो लोकांचे बँकेचे पासवर्ड टिपून घेत असे.

आमच्या घरी हा प्रश्न उभा राहिला तो विंडोज १० मुळे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. म्हणजे संगणक चालू राहतो, पण त्यात नवे भोक सापडले तर ते बुजवणारी दुरुस्ती आपोआप येत नाही. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. आमच्या जुन्या यंत्रात ते नव्हते. नवा संगणक घ्यायचा तर मुलीच्या कॉलेजच्या फीला हात लावावा लागणार. तेव्हा आम्ही लिनक्सचा विचार सुरू केला.

लिनक्सचा गाभा लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली जगापुढे ठेवला. त्याआधी १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला होता. प्रोग्रॅम कसा लिहिला आहे हे पाहण्याचा, तो बदलण्याचा आणि दुसऱ्याला देण्याचा अधिकार प्रत्येकाला असावा, हा त्यामागचा विचार. आज जगभरचे हजारो लोक मिळून ही सिस्टीम घडवतात.

मुलीने लगेच शंका काढली, “बाबा, जे सगळ्यांना वाचता येतं, ते चोरालाही वाचता येणार ना? मग ते सुरक्षित कसं?”

प्रश्न रास्त होता. आम्ही तिला हिशेबाच्या भाषेत उत्तर दिले. एखाद्या संस्थेचा चिटणीस वही कपाटात बंद करून म्हणतो, “माझ्यावर विश्वास ठेवा.” दुसरा वही टेबलावर उघडी ठेवतो आणि म्हणतो, “ज्याला तपासायचे त्याने तपासावे.” पैसे कोणाकडे ठेवाल? उघड्या वहीतही चूक असते, पण ती सापडण्याची वाट मोकळी असते.

मात्र वही उघडी आहे म्हणजे ती कोणी तपासलीच आहे, असे नव्हे. इंटरनेटवरील व्यवहार गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त प्रोग्रॅममध्ये २०१२ साली एक चूक शिरली. ती २०१४ साली, दोन वर्षांनी उघड झाली. ‘हार्टब्लीड’ म्हणून ती गाजली. उलट २०२४ साली ‘एक्सझेड’ नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये कोणीतरी मुद्दाम चोरदार ठेवले होते. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले. त्याने चिकाटीने शोध घेतला आणि ते दार जगाच्या नजरेस आणून दिले. वही बंद असती, तर बाहेरच्या माणसाला हा तपास इतक्या मुळापर्यंत नेता आला नसता.

आता निवड. लिनक्सचे प्रकार पुष्कळ आहेत. क्यूब्स हा प्रकार प्रत्येक कामाला जणू वेगळी खोली देतो. सुरक्षा भक्कम, पण त्याला स्मरणशक्ती म्हणजे रॅम फार लागते. टेल्स हा पेनड्राइव्हवरून चालतो आणि बंद करताच सारे विसरतो. पण तो आपले ठिकाण लपवण्यासाठी देशोदेशींच्या संगणकांतून वळणे घेत जातो. बँकेला वाटते, हा कोणी परदेशातला भामटा आहे, आणि ती खाते अडवू शकते. घरगुती बँकेच्या कामाला डेबियन, उबुंटू किंवा लिनक्स मिंट हे प्रकार बरे. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी निघते आणि तिला पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. मिंट त्याच पायावर उभी आहे. तिची ‘एक्सएफसीई’ आवृत्ती चार जीबी रॅमच्या जुन्या संगणकावरही चालते. आम्ही तीच घेतली. विंडोज वापरलेल्या माणसाला ती परकी वाटत नाही.

या सिस्टीममध्ये दोन गोष्टी आम्हाला विशेष पटल्या. एक, नवा प्रोग्रॅम घालताना ती पासवर्ड विचारते. घराच्या नकळत कोणी खिळा ठोकावा, हे सोपे राहत नाही. दुसरी, लागणारे बहुतेक प्रोग्रॅम एकाच तपासलेल्या भांडारातून मिळतात, कुठल्याही अनोळखी जागेवरून उतरवावे लागत नाहीत.

तरीही डोळे उघडे हवेत. २० फेब्रुवारी २०१६ रोजी मिंटच्याच संकेतस्थळात चोर शिरले आणि त्यांनी लोकांना चोरदार असलेली प्रत मिळेल अशी व्यवस्था केली. ती लवकरच लक्षात आली. तेव्हापासून जाणकार सांगतात, प्रत उतरवून घेतल्यावर तिचा ठसा, म्हणजे आकड्या-अक्षरांची लांब ओळ, सही असलेल्या मूळ ठशाशी जुळवून पाहा. आमच्या मुलीने हे काम अर्ध्या तासात केले. बेरीज जुळल्याशिवाय पान उलटायचे नाही, हा तर आमचा नोकरीतला नियमच.

ज्यांना विंडोज सोडता येत नाही, त्यांनी काय करावे? टॅलीसारखी कामे विंडोजवरच चालतात, काही प्रिंटर लिनक्सला दाद देत नाहीत. अशांसाठी पेनड्राइव्हची वाट आहे. त्यावर लिनक्स घालून संगणक त्यावरूनच सुरू करायचा, बँकेचे काम करायचे आणि बंद करायचा. आतल्या विंडोजमध्ये चोर असला तरी तो त्या वेळी झोपलेला असतो. ब्रायन क्रेब्ज या अमेरिकी पत्रकाराने २००९ साली छोट्या व्यावसायिकांना हाच सल्ला दिला होता, तेव्हा तो सीडीवरून होता. पेनड्राइव्हवरची प्रत मात्र अधूनमधून नवी करावी लागते.

आता सर्वांत महत्त्वाचे. कोणतीही सिस्टीम आपल्या जिभेला कुलूप घालू शकत नाही. आमच्या शेजारच्या एका निवृत्त कामगाराला ‘बँकेतून बोलतोय’ असा फोन आला, त्यांनी ओटीपी सांगितला आणि पेन्शनचे साठ हजार गेले. येथे लिनक्स काय करणार? लग्नपत्रिका म्हणून मोबाइलवर येणारी ‘एपीके’ फाइल उघडू नये. ‘डिजिटल अटक’ असला कुठलाही प्रकार कायद्यात नाही. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाचे करायला सांगितले होते. म्हणून पत्त्याचा शेवट वाचण्याची सवय लावावी. फसवणूक झालीच तर रडत न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर आणि बँकेला कळवावे. पैसा पुढे सरकण्याआधी तो अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

आमची वाचक बंधू-भगिनींना विनंती आहे. घरातला संगणक कोणत्या सिस्टीमवर चालतो, ती परवान्याची आहे का, तिला दुरुस्त्या येतात का, हे तीन प्रश्न या रविवारी विचारा. उत्तर मिळाले नाही तर वस्तीतल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना बसवा. वाचनालयात एक दुपार काढली तर दहा घरांचे पेनड्राइव्ह तयार होतील. त्यात खर्च पेनड्राइव्हचा आणि वेळेचा. आपल्या घामाच्या पैशाचा पहारा चोरीच्या कुलपाने होणार नाही. तो आपण समजून, तपासून घेतलेल्या कुलपानेच होईल.