आबांची पद्मिनी आणि पोराची कॉन्टेसा

गेल्या विजयादशमीला माझा पुतण्या पुण्याहून कनेरगाव नाक्याला घरी आला. सकाळी बुद्धवंदना झाली, पुरणपोळीचे जेवण झाले आणि मग त्याने खिशातून मोबाईल काढून सगळ्यांना एक फोटो दाखवला. तांबड्या रंगाची, लांबलचक, चार दारांची जुनी मोटार होती. "काका, कॉन्टेसा आहे. मालक सात लाख म्हणतो. तीन लाख माझ्याजवळ आहेत, चार लाखांचे कर्ज काढतो."

घरात एकदम शांतता झाली. वहिनी म्हणाल्या, "अरे, सात लाखांत कोरी करकरीत गाडी येते की!" पुतण्याने मान खाली घातली. आबा मात्र काही बोलले नाहीत. ओसरीत विटांवर ठेवलेल्या मोटारीच्या जुन्या सीटवर ते बसले होते, तसेच बसून राहिले.

त्या सीटची हकिकत सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

आबा म्हणजे माझे चुलते, त्या पोराचे आजोबा. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातली माणसे पोटासाठी मुंबईला गेली, त्यांत आबाही होते. आधी हमाली केली, मग मोटार चालवायला शिकले आणि पुढे पंचवीस वर्षे मुंबईत काळीपिवळी टॅक्सी चालवली. टॅक्सी शेठची होती. १९९९ साली, म्हणजे आपला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला त्याच वर्षी, ते कायमचे गावी परतले. येताना एका डॉक्टरांच्या घरची १९८४ सालची पांढरी प्रीमियर पद्मिनी अठ्ठावीस हजारांना विकत घेऊन आले. वस्तीत आलेली ती पहिली मोटार. त्या दिवशी बायकांनी बोनेटवर फुले ठेवली आणि पोरांनी चाकांना हात लावून पाहिले.

पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनत असे. इंजिन १,०८९ सी.सी.चे. जुन्या गाड्यांत गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ असे, त्यामुळे पुढच्या सलग सीटवर तिघे बसत. सकाळी चोक ओढायचा आणि गाडी खाकरली की हळूच सोडायचा. पुढच्या दाराच्या काचेला वारा घ्यायची तिकोनी खिडकी. दार लागले की असा ठोस आवाज यायचा की घरात बसलेल्या माणसालाही आबा आल्याचे कळे.

त्या गाडीने काय केले नाही? वस्तीतल्या अडलेल्या बाया रात्री-अपरात्री कधी वाशीमला तर कधी हिंगोलीला नेल्या. पोरांना परीक्षेच्या केंद्रावर पोचवले. सात-आठ माणसे कोंबून दीक्षाभूमीला नेली. पण मला आठवते ती पावसाळ्यातली एक रात्र. गावातल्या एका मोठ्या घरच्या मुलाला साप चावला होता. त्याचे वडील पळत आमच्या दारी आले. त्यांच्या घरी आबांच्या लहानपणी आमच्या माणसांच्या ओंजळीत वरून पाणी ओतीत. आबांनी एक शब्द विचारला नाही. मुलाला मागे निजवले, वडिलांना आपल्या शेजारी बसवले आणि गाडी काढली. पोरगा वाचला. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ पैसे घेऊन आले, तर आबांनी फक्त पेट्रोलचे घेतले.

ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण मला तिच्याबरोबर दुसरी एक गोष्ट आठवते. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या टिपणात आपल्या लहानपणचा १९०१ सालचा प्रवास लिहून ठेवला आहे. ते, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुले वडिलांना भेटायला निघाली होती. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळली आणि एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल केले, तेव्हा एक जण तयार झाला. तोही अशा अटीवर की बैलगाडी मुलांनी स्वतः हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार. पुढे १९२९ साली बाबासाहेब बॅरिस्टर असताना, चाळीसगावला एकाही टांगेवाल्याने त्यांचा टांगा हाकायला होकार दिला नाही. वस्तीतल्या एका नवख्या माणसाने टांगा हाकला. मोरीवर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला.

म्हणून बांधवांनो, आपल्या घरात मोटार आली की डोळ्यांत पाणी येते, त्यात नुसती हौस नसते. आपला माणूस स्टिअरिंगवर बसला आणि दुसरा त्याच्या शेजारी येऊन बसला, या दृश्याला आपल्याकडे फार मोठा इतिहास आहे. आणि म्हणूनच या मोहाचा हिशेब आपण इतरांपेक्षा जास्त काळजीने मांडला पाहिजे.

आता त्या कॉन्टेसाचे ऐका. बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने १९८४ पासून २००२ पर्यंत ती बनवली. मूळ सांगाडा ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या १९७० च्या दशकातल्या गाडीचा. दिसायला पैलवान, पण सुरुवातीला आत इंजिन होते अँबॅसडरच्याच घराण्यातले, दीड लिटरचे. त्यामुळे चढावर दम लागायचा. पुढे जपानच्या इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा कुठे अंगाला शोभणारी ताकद आली. तिची समकालीन प्रीमियर ११८ एनई. ती फियाट १२४ च्या कुळातली, म्हणजे रशियाच्या लाडाची चुलत बहीण, आणि इंजिन निस्सानचे. या गाड्यांची ओढ लागते ती अशी की, आई-वडील, दोन पोरे आणि डिकीत सामान मावते, आणि रस्ता मोकळा मिळाला तर चालवणाऱ्याला शर्यतीचाही थोडा आनंद मिळतो. संसार आणि हौस एकाच गाडीत. ज्याने लहानपणी त्या मागच्या सीटवरून जग पाहिले, किंवा रस्त्याच्या कडेला उभे राहून ती गाडी जाताना पाहिली, तो मोठा झाल्यावर, पगार हाती आल्यावर तिला शोधत फिरतो.

भाव वाढतात ते इथूनच. बी.कॉम.ला आम्हाला घसारा शिकवला होता. मोटार ही दर वर्षी किंमत गमावणारी मालमत्ता, तेव्हा पुस्तकात दर वर्षी रक्कम कमी करीत जायचे. हा नियम बरोबर आहे, पण त्याला अपवाद आपल्याच देशाने दोनदा दाखवला. पूर्वी परवान्याच्या राज्यात गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. १९६९ साली सरकारने आदेश काढून मोटारींच्या किमती ठरवून दिल्या, तेव्हा त्या पंधरा हजारांच्या आसपास होत्या. पण नंबर लागेपर्यंत थांबणार कोण? त्या काळात वापरलेली गाडीसुद्धा नव्यापेक्षा महाग विकली जाई. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, १९९१ नंतर परदेशी कंपन्या आल्या आणि या जुन्या गाड्यांना कुणी विचारीना. मिळेल त्या भावाला त्या भंगारात गेल्या. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत होती. ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. हजारो गाड्या मोडीत निघाल्या, नवी एकही बनत नाही आणि मागणारे मात्र वाढले. मग उरलेल्या चांगल्या गाडीचा भाव चढणारच. ही दुसरी वेळ.

आता माझी चूक सांगतो. २००९ साली आबांच्या पद्मिनीच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. पत्रा खालून सडला होता, सुटे भाग मिळत नव्हते आणि पेट्रोल परवडत नव्हते. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. घरात शिकलेला म्हणून हिशेब माझ्याकडे. मी कागदावर आकडे मांडले आणि ठरवून टाकले, ही गाडी शून्य. भंगारवाला आणला, अकरा हजारांत व्यवहार केला. आबा त्या दिवशी रानात गेले होते. संध्याकाळी आले तेव्हा गाडी टेम्पोवर चढत होती. ते काही बोलले नाहीत. फक्त टेम्पो थांबवून मागची सीट उतरवून घेतली. हा पुतण्या तेव्हा दहा-बारा वर्षांचा होता. तो टेम्पोमागे पार रेल्वे फाटकापर्यंत पळत गेला होता.

तेव्हा त्याने कॉन्टेसाचा फोटो का दाखवला, हे मला चांगले कळत होते. तरीही मी वही काढली. म्हटले, "बाळा, रागावू नकोस. एवढ्या जुन्या गाडीला बँक गाडीचे कर्ज सहसा देत नाही. म्हणजे वैयक्तिक कर्ज. १३ टक्क्यांनी चार लाख पाच वर्षांसाठी धरले, तर महिन्याला हप्ता ९,१०० रुपये. फेड होते ५ लाख ४६ हजार. गाडी तुला पडली साडेआठ लाखांना. त्यावर इंजिनचे काम, पत्र्याचे काम, रंग. पंधरा वर्षांवरच्या मोटारीची फेरनोंदणी पूर्वी ६०० रुपयांत होई, एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० केली. तू म्हणशील व्हिंटेज म्हणून नोंदू. पण २०२१ च्या नियमाप्रमाणे त्याला गाडी पन्नास वर्षांची लागते. पहिली कॉन्टेसासुद्धा २०३४ आधी त्यात बसत नाही. आणि बसली तरी ती रोज वापरता येत नाही."

तो म्हणाला, "पण काका, भाव वाढतोच आहे. उद्या विकली तर नफाच."

मी म्हटले, "जाहिरातीत दिसतो तो मागितलेला भाव. हातात पडतो तो भाव वेगळा. गिऱ्हाईक मिळेपर्यंत गाडी पैसे खाते. वाढलाच भाव तर आनंद आहे, पण वाढेल म्हणून कर्ज काढणे हा जुगार आहे. आणि तुझ्या बहिणीची नर्सिंगची फी जानेवारीत भरायची आहे."

तेव्हा आबा पहिल्यांदा बोलले. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझा हिशेब तवाबी बरोबर होता, आताबी बरोबर हाय. पर तवा तू मला इचारलं न्हाई. या पोराला तरी इचार, त्याला काय पायजे."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. सोळा वर्षांनी मला माझ्या वहीत राहिलेली नोंद दिसली.

मग आम्ही पोराला विचारले. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "आबांना शेजारी बसवून एकदा दीक्षाभूमीला न्यायचं आहे. अशा गाडीतून, जिचं दार तसं वाजतं."

त्यावर रात्री उशिरापर्यंत बोलणे झाले आणि असे ठरले. कर्ज काढायचे नाही. आधी बहिणीची फी भरायची. उरलेल्या पैशाचे वेगळे खाते काढायचे आणि त्यात दर महिन्याला हप्त्याइतकीच रक्कम टाकायची. म्हणजे व्याज द्यायचे नाही, उलट मिळवायचे. दोन-तीन वर्षांनी स्वतःच्या पैशाने मिस्त्रीला दाखवून, पत्रा खालून तपासून, कागदपत्रे पाहून चांगली गाडी मिळाली तर खुशाल घ्यावी. कॉन्टेसाच हवी असे नाही, पद्मिनीही चालेल. त्या खात्यात पहिले अकरा हजार मी टाकले. तेवढ्याला मी ती विकली होती.

आबा आता पंच्याहत्तरीच्या पुढे गेले आहेत. दोन-तीन वर्षे त्यांच्या वयाला थोडी नाहीत, हे मलाही कळते. म्हणून पुढच्या विजयादशमीला भाड्याची का होईना गाडी करून आम्ही सगळे नागपूरला जाणार आहोत. चालवणार पुतण्या, शेजारी आबा. परवा सहज विचारले, "आबा, नव्या गाडीत बसाल ना?" ते म्हणाले, "बसन की. पर दार हळू लावा म्हणावं, नव्या गाडीचा पत्रा लई पातळ असतो."