थांबणारा रिदम

यामाहा पीएसआर-2000 हे मॉडेल बाजारात आलं 2001 साली. माझ्या हाती ते नागपूरच्या सीताबर्डीतून जुनं म्हणूनच आलं. अरेंजर जातीचं वाद्य. डाव्या हातानं कॉर्ड धरली की ड्रम, बेस, गिटार त्या कॉर्डच्या मागे चालू लागतात आणि उजवा हात गाण्याला मोकळा राहतो. घरात एकट्यानं वाजवणाऱ्याला आणखी काय हवं? ते वाद्य मी माझ्या हातानं खराब केलं, मग विकलं. त्याबद्दल लिहितोय, कारण असे जुने कीबोर्ड अजून पुष्कळ घरांत आहेत आणि त्याच चुका होताना मला दिसतात.

जरीपटक्यात आमचा शेजार बहुतेक सिंधी, फाळणीनंतर इथे येऊन वसलेल्या कुटुंबांचा. पलीकडे लागूनच इंदोरा. गुढीपाडव्याच्या सुमारास चेटीचंड येतो, तेव्हा झूलेलालचे पंजडे, म्हणजे त्याची स्तुतिगीतं. पुढे 14 एप्रिलला इंदोऱ्यात भीमगीतं. ऐनवेळी पेटीवाला किंवा ढोलकवाला मिळाला नाही की दोन्हीकडून मला निरोप, ‘कॅसिओ घेऊन ये.’ कीबोर्ड कोणत्याही कंपनीचा असो, आमच्याकडे तो कॅसिओच.

कंपनीनं दिलेला एकही ठेका या गाण्यांना जसाच्या तसा बसेना. म्हणून स्टाईल क्रिएटरमध्ये, म्हणजे आपला ठेका घडवण्याच्या भागात, शिरलो. चार बीटच्या एका साध्या स्टाईलमधले झांजा आणि गिटार काढून टाकले, बेस अगदी कमी केला. मग धा गे ना ति, न क धि न हे बोल एकेक करून कोंगा-बोंगोवर बसवले. डग्ग्याच्या घुमाऱ्यासाठी सगळ्यात खालचा टॉम घेतला. कहरवा झाला. दादऱ्याच्या सहा मात्रा तीन-तीन बीटच्या दोन घरांत बसवताना फार झगडावं लागलं, पण तो जमला तेव्हा शेजारच्या चाचीनं मान डोलावली. रजिस्ट्रेशनची बटणं आठ. प्रत्येकावर ठेका, लय, आवाज आणि पट्टी एकदम जतन करता येते. चाची काळी चारमध्ये गातात, शेजारचेच एक काका काळी एकमध्ये; बोट बदललं की सगळं बदललं.

आता चुका. पहिली वाजवण्यातली. एका पंजड्यात काका एका ओळीवर थांबले, त्यांना तो सूर लांबवायचा होता. माझा ठेका पुढे निघून गेला. त्यांनी घाईघाईनं शब्द गिळत मला गाठलं. नंतर शांतपणे म्हणाले, ‘‘बेटा, पेटीवाला हमारे लिए रुकता है.’’ मला फार लागलं, कारण मी तोवर वाद्याकडे बघून वाजवत होतो, गाणाऱ्याकडे नाही. त्या कीबोर्डवर सिंक स्टॉप नावाचं बटण होतं. ते चालू असेल तर डावा हात उचलला की ठेका थांबतो, पुन्हा कॉर्ड धरली की पहिल्या मात्रेपासून सुरू होतो. इतके दिवस मी त्याला हात लावला नव्हता. ते वापरायला लागल्यावर माझ्या वाजवण्याला माणसांत बसण्याची लायकी आली, असं मी आजही मानतो.

दुसरी चूक सरळसरळ निष्काळजीपणाची. नागपूरच्या मे महिन्यात कूलरशिवाय बसवत नाही आणि मी कीबोर्ड नेमका कूलरच्या झोतात ठेवला. वाळ्यातून येणारी ती ओलसर हवा उन्हाळाभर त्याच्या पोटात गेली. प्रत्येक चावीखाली रबराची पट्टी असते आणि तिच्यात कार्बनचे दोन ठिपके. दोन्ही ठिपके टेकायला किती वेळ लागला, यावरून यंत्र ठरवतं की सूर हळू द्यायचा की जोरात. तिथे ओल आणि धूळ बसली की एखादी चावी मुकी होते, नाहीतर हलक्या स्पर्शाला किंचाळते. माझ्या मधल्या सप्तकातल्या चाव्या तशा झाल्या. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं अलगद पुसायचं, किंवा रबराच्या पट्ट्याच नव्या घालायच्या, हा उपाय. मी कुणाला विचारलं नाही. बिजागऱ्यांना मारतात तो तेलकट स्प्रे आत मारला. रबर फुगलं, बोर्डावर चिकट थर बसला. वाद्याचं वय झालं, असं मी घरात सांगितलं. ते खोटं होतं.

मग नवा घ्यायचं ठरलं. दुकानात डेमोचं गाणं ऐकलं. तबला खरोखर उत्तम होता, पडदा रंगीत. एकही पंजडा, एकही भीमगीत तिथे बसून वाजवून पाहिलं नाही. जुना विकताना, घेणाऱ्याला कोरा मिळावा म्हणून आतल्या सगळ्या फाइली पुसल्या. माझे ठेके फ्लॉपीवर आहेतच, ही खात्री. त्या फ्लॉप्या वर्षानुवर्षं स्पीकरच्या खोक्यावर, थेट चुंबकाच्या शेजारी पडलेल्या. त्यातली एकही वाचली गेली नाही. खुद्द सोनीनं जपानमधली फ्लॉपीची विक्री 2011 मध्ये बंद केली होती. तेव्हाच सगळं पेनड्राइव्हवर घ्यायला हवं होतं.

नव्या कीबोर्डला मी दोष देत नाही. ठेका थांबवायची सोय त्यातही होती. पण माझ्या बोटांना जुन्या पाटीवरची प्रत्येक जागा पाठ होती. न बघता फिल-इन, न बघता एंडिंग. नव्यावर मी पडद्याकडे बघत राहिलो आणि ठेका पुन्हा एकदा काकांच्या पुढे निघून गेला. जुन्या अरेंजरची ओढ लोकांना का वाटते, याचं उत्तर मला तिथे मिळालं. घरी वाजवणाऱ्याला हजार आवाज लागत नाहीत. त्याला आपल्या माणसांच्या पट्ट्या आणि लयी ठाऊक असलेली आठ बटणं लागतात, आणि ती तयार व्हायला वर्षं जातात.

तेच मॉडेल मी पुन्हा जुन्यात शोधून घेतलं. या वेळी विकणाऱ्याच्या घरी बसून 61 चाव्या एकेक करून हळू आणि जोरात दाबल्या, प्रत्येक बटण चालतं का पाहिलं, पिचबेंडचं चाक मधोमध परत येतं का तेही पाहिलं. फ्लॉपी ड्राइव्ह काढून त्या जागी पेनड्राइव्ह घेणारा इम्युलेटर बसवून घेतला. कीबोर्ड कूलरच्या विरुद्ध भिंतीला आहे, वर सुती कापड. फाइलींची एक प्रत भाच्याच्या कम्प्युटरवर असते.

कहरवा पुन्हा उभा राहिला. दादरा अजून चुकतोय: चौथ्या मात्रेवर मी पूर्वी बेस काढला होता की फक्त हलका केला होता, ते आठवत नाही. चाचींना दोन्ही वाजवून दाखवले. त्या म्हणतात, यातला एकही नाही.